उकळत्या पाण्याची साक्ष : जुन्या गाडीचे इंजिन का तापते, याचा इतिहास

१/
घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली जुनी गाडी, रेडिएटरमधून उसळणारी वाफ आणि पाण्याचा डबा घेऊन धावणारा चालक. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वाफ दिसली की पाणी कमी पडले, असा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि तो पुष्कळदा चुकतो. पाणी उकळणे हे लक्षण होय. कारण बहुधा दुसरीकडे असते. ते कारण शोधण्याची रीत गेल्या सुमारे १४० वर्षांत कशी घडत गेली, ते या धाग्यात पाहू.

२/
इतिहासाच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटू नये. बखर वाचताना आपण विचारतो : हे कोणी लिहिले, त्याने काय पाहिले, आणि त्याला काय दिसणे शक्यच नव्हते? तापलेल्या इंजिनासमोरही हेच प्रश्न विचारावे लागतात. शिवाय शीतकरण व्यवस्थेचा जवळजवळ प्रत्येक भाग म्हणजे आधीच्या काळातील एखाद्या बिघाडाला दिलेले उत्तर आहे, आणि त्या उत्तरासोबत एक नवा बिघाडही आला आहे. म्हणून गाडी कोणत्या काळातील आहे हे कळले की दोष कोठे शोधावा याचाही अंदाज येतो.

३/
प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. पेट्रोल जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी, ढोबळमानाने, एक तृतीयांशाहून कमी भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेला भाग सिलिंडरच्या भिंतींत शिरतो आणि तेथून तो सतत काढून घ्यावा लागतो. तो साचला तर तेल पातळ होते, पिस्टन फुगतो आणि शेवटी सिलिंडरमध्ये अडकून बसतो. गॅरेजच्या भाषेत, इंजिन ‘सीझ’ होते.

४/
कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात या अडचणीवरचा उपाय अगदी साधा होता. सिलिंडरभोवती पाणी ठेवायचे आणि ते उकळू द्यायचे. पाण्याची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. ती वाफ हवेत सोडून द्यायची. म्हणजे पहिल्या मोटारगाडीत पाणी उकळणे हा बिघाड नव्हता, तीच तिची रीत होती. बिघाड होता तो एकच : पाणी संपणे.

५/
ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ आपले दोन मुलगे, ऑयगेन आणि रिशार्ड, यांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमकडे निघाल्या. अंतर सुमारे १०४ किलोमीटर. वीसलोख गावच्या औषधविक्रेत्याकडून त्यांनी इंधन म्हणून लिग्रोइन घेतले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वाटेत त्यांना विहिरी आणि ओढे गाठून वारंवार पाणीही भरावे लागले, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. चढावर गाडी ढकलावी लागली. मोटारीच्या पहिल्या दीर्घ प्रवासातच चढ, उष्णता आणि पाणी यांचे नाते उघड झाले.

६/
पाणी वाया न घालवता तेच पुन्हा थंड करून वापरावे, हा पुढचा विचार. त्याला निर्णायक रूप दिले विल्हेल्म मायबाख यांनी. डाइमलर कंपनीत त्यांनी घडवलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला होता. त्यात ६ मिलिमीटर बाजू असलेल्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि त्यांच्यामधल्या अरुंद फटींतून पाणी वाही. पूर्वी जेथे सुमारे १८ लिटर पाणी लागे, तेथे आता ९ लिटर पुरू लागले. मार्च १९०१ मध्ये नीस येथील शर्यतींत या गाडीने दबदबा निर्माण केला.

७/
मात्र फटी अरुंद झाल्या तशी त्या तुंबण्याची शक्यताही वाढली. बाहेरून धूळ, चिखल आणि किडे. आतून गंज आणि क्षार. १९०१ नंतरच्या कोणत्याही रेडिएटरबाबत म्हणूनच दोन प्रश्न विचारावे लागतात : हवा आरपार जाते का? आणि पाणी आरपार जाते का? हे प्रश्न सारखे वाटले तरी त्यांची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. निदान करताना त्यांची गल्लत झाली की चांगला सुटा भाग फेकला जातो आणि दोष गाडीतच राहतो.

८/
१ ऑक्टोबर १९०८ रोजी आलेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीने वेगळी वाट धरली. आरंभीच्या सुमारे २,५०० गाड्यांत पाण्याचा पंप होता. नंतर तो काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये थंड झालेले पाणी जड होऊन खाली उतरते, आणि या फरकावर प्रवाह आपोआप चालू राहतो. या रचनेला थर्मोसायफन म्हणतात. पंपच नसल्यामुळे पंप बिघडण्याचा प्रश्नही उरला नाही. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या.

९/
या साधेपणालाही एक अट होती. रेडिएटरमधील पाण्याची पातळी वरच्या होज पाइपच्या तोंडापेक्षा खाली गेली की चक्र तुटते. टाकीत पाणी भरपूर दिसते, पण ते फिरत नाही. खाली थंड पाणी साचून राहते आणि वर सिलिंडरभोवती पाणी उकळत असते. म्हणून अशा गाडीत ‘पाणी आहे का’ असे विचारून भागत नाही. ‘पाणी कोठपर्यंत आहे’ असे विचारावे लागते. थोडीशी गळतीही येथे मोठे संकट ठरते.

१०/
आतापर्यंत चालकाला उष्णता कळे ती वाफेने, म्हणजे फार उशिरा. १९१० च्या दशकात अमेरिकेत ‘बॉइस मोटोमीटर’ लोकप्रिय झाले. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला हा तापमापक चालकाच्या जागेवरून दिसे. लाल रेषा वर चढू लागली की गाडी थांबवायची. हॅरिसन बॉइस यांच्या नावाने ओळखले जाणारे हे उपकरण पुढे गाडीचा दागिनाच बनले. उष्णता डोळ्यांना दिसू लागली आणि उकळण्याआधीच सावध होणे शक्य झाले.

११/
येथे साधनचिकित्सा कामी येते. मोटोमीटर पाण्याचे तापमान मोजत नव्हते. पाण्याच्या वर, टाकीच्या माथ्याशी असलेल्या वाफेचे आणि हवेचे मोजत होते. पुढे डॅशबोर्डवर आलेल्या काट्याचीही मर्यादा अशीच आहे. त्याचे संवेदक टोक पाण्यात बुडालेले असेल तोवरच तो विश्वासार्ह असतो. पातळी घसरून ते टोक उघडे पडले, तर इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. उकळणाऱ्या गाडीचा काटा एकाएकी थंडाई दाखवू लागला, तर ते सुटकेचे चिन्ह समजू नये.

१२/
लक्षणावर एकमत असूनही निदानावर मतभेद कसे होतात, याचा मोठा दाखला १९२३ चा आहे. जनरल मोटर्सचे संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी पाणी पूर्णपणे वगळलेले इंजिन घडवले. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरवर तांब्याचे पंख जोडायचे आणि पंख्याने हवा खेळवायची. तांबे लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. रेडिएटर नाही, पंप नाही, गळती नाही. जानेवारी १९२३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ही शेव्हरोले गाडी झळकली.

१३/
तशा ७५९ गाड्या बनल्या. ग्राहकांच्या हाती त्यांपैकी जेमतेम शंभर पडल्या. तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि जून १९२३ मध्ये शेव्हरोलेने त्या परत मागवल्या. यात दोष कोणाचा? केटरिंग यांच्या मते कल्पना भक्कम होती, कारखान्यांनी ती मनापासून राबवली नाही. उत्पादन विभागांच्या मते प्रयोगशाळेत चालणारे इंजिन रस्त्यावर चालत नव्हते. कंपनीचे नवे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी प्रकल्प आवरता घेतला. बहुतेक गाड्या नष्ट झाल्या आणि त्यांच्याबरोबर पुरावाही गेला.

१४/
हा प्रसंग निदान करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. तापणाऱ्या इंजिनाचा दोष रचनेत असू शकतो, घडणीत असू शकतो किंवा देखभालीत. जुन्या गाडीबाबत मात्र आपल्या हाती एक आधार असतो. ती गाडी नवी असताना तापत नव्हती. त्याच रस्त्यांवर, त्याच उन्हात ती वर्षानुवर्षे चालली. तेव्हा ‘या गाड्या तापतातच’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. मध्यंतरी काय बदलले, हे शोधावेच लागते.

१५/
मोटारगाड्या वेगवान झाल्या तसा पंप परतला. पंखा, पंप आणि वीज निर्माण करणारा डायनॅमो एकाच पट्ट्यावर चालू लागले. १९५७ पासून उत्तरपाड्यात बनलेल्या अँबॅसेडरमध्ये हीच व्यवस्था होती आणि मुंबईच्या कुर्ल्यात बनलेल्या फियाटमध्येही. त्यामुळे एक उपयुक्त साक्षीदार मिळाला. काटा वर चढत असतानाच चार्जिंगचा लाल दिवा लागला, तर बॉनेट उघडण्यापूर्वीच निदान जवळजवळ झालेले असते : फॅनबेल्ट तुटला किंवा सैल पडून घसरतो आहे.

१६/
फोक्सवॅगन बीटलमध्ये तर हा दिवाच मुख्य साक्षीदार होता. त्या गाडीला पाणीच नव्हते. इंजिन हवेने थंड होई आणि ती हवा फेकणारा पंखा डायनॅमोच्या दांड्यावरच बसवलेला असे. पट्टा तुटला की वीजही थांबे आणि हवाही. ‘थोडे पुढे जाऊन बघू, बॅटरीचाच तर दिवा आहे’ असे म्हणणाऱ्याचे इंजिन त्या थोड्या अंतरातच भाजे. दिव्यावर लिहिलेला अर्थ एक आणि त्याचा खरा अर्थ दुसरा.

१७/
आता थर्मोस्टॅटकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वाधिक अन्याय याच भागावर झाला आहे. इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप. आरंभीच्या प्रकारात लवकर उडणाऱ्या द्रवाने भरलेली धातूची घडीदार डबी असे. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणाच्या प्रसरणावर चालणारा प्रकार पुढे आणला. डबीचा प्रकार फुटला तर बहुधा उघडा राही. मेणाचा प्रकार बंद अवस्थेत अडकू शकतो, आणि तसे झाले की पाणी इंजिनातच कोंडले जाते.

१८/
‘आपल्या हवेत याची गरजच नाही’ असे म्हणून असंख्य गाड्यांतून थर्मोस्टॅट काढून फेकला गेला. तत्काळ आराम पडतो, म्हणून हा उपाय खराही वाटतो. पण १९३० च्या दशकातच ब्रिटनमधील संशोधनाने दाखवले होते की थंड सिलिंडरच्या भिंतींवर ज्वलनातील आम्लयुक्त ओल साचते आणि धातू झिजतो. शिवाय काही रचनांमध्ये थर्मोस्टॅट नसेल तर आडवाटेचा मार्ग उघडाच राहतो. मग तापलेले पाणी रेडिएटर टाळून पुन्हा इंजिनात शिरते आणि उपायच रोग बनतो.

१९/
त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे दाबाचे झाकण. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांत ते सर्वत्र दिसू लागले. त्याचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातले आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांवर उकळत नाही. रेडिएटरच्या झाकणाने ७ पौंडांचा दाब धरला तर उत्कलनबिंदू सुमारे १११ अंश सेल्सिअसवर जातो. १५ पौंडांवर तो सुमारे १२१ अंश होतो. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताक्षणी आतले पाणी एकदम उकळते आणि चेहऱ्यावर उसळते.

२०/
झाकणाची रबरी चकती कडक झाली किंवा स्प्रिंग मेली की दाब टिकत नाही. मग इतर सर्व भाग ठणठणीत असूनही गाडी उकळते. अख्ख्या व्यवस्थेतील हा सर्वांत स्वस्त भाग, आणि पुष्कळदा तो सर्वांत शेवटी तपासला जातो. उलट दिशेची चूकही घडते. ४ पौंडांच्या झाकणासाठी घडवलेल्या जुन्या रेडिएटरवर १५ पौंडांचे झाकण बसवले, तर झाळलेले सांधे फुटतात. झाकण कोणते असावे, हे गाडीच्या काळावर ठरते.

२१/
आता आपल्या घाटात येऊ. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात खुला झाला, म्हणजे मोटारगाडीच्या अर्धशतक आधी. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढ आहे. दर ३०० मीटरांमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने घटतो. लोणावळ्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरात ९६ च्याही खाली. झाकण दाब धरत नसेल, तर इंजिनाला अधिकाधिक कष्ट पडत असतानाच सुरक्षिततेची मर्यादा खाली येत जाते.

२२/
आणखी एक गोष्ट. घाट चढणारी गाडी पूर्वेकडे जाते आणि समुद्रावरून येणारा वारा पश्चिमेकडून वाहतो. पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला हा वारा पाठीमागून लागतो आणि रेडिएटरवर समोरून येणारी हवा जवळजवळ नाहीशी होते. सारा भार पंख्यावर पडतो. जुने चालक वेळीच खालचा गिअर टाकत, त्यामागे केवळ ताकदीचा विचार नव्हता. इंजिन वेगाने फिरले की पंखा आणि पंपही वेगाने फिरतात. सपाट रस्त्यावर लपलेला दोष घाट असा बाहेर काढतो.

२३/
यावरून निदानाचा पहिला प्रश्न ठरतो : गाडी केव्हा तापते? सिग्नलवर उभी असताना तापत असेल आणि वेग घेताच निवत असेल, तर हवेचा प्रवाह संशयित : पंखा, पट्टा, रेडिएटरच्या दुमडलेल्या पट्ट्या. मोकळ्या रस्त्यावर वेगात तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह संशयित : आतून तुंबलेला रेडिएटर किंवा पंपाच्या ओढीने आत चेपला जाणारा खालचा होज पाइप. सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा हेड गॅस्केट. ‘केव्हा’ या एका शब्दाने संशयितांची यादी निम्मी होते.

२४/
दुसरा टप्पा हाताने तपासण्याचा. गाडी थंड असताना सुरू करून वरच्या होज पाइपवर, पंखा आणि पट्ट्यापासून जपून, हात ठेवावा. काही काळ तो थंड राहतो आणि मग एकाएकी गरम होतो. थर्मोस्टॅट उघडल्याची ही खूण. काटा चढत राहिला आणि पाइप थंडच राहिला, तर झडप अडकली आहे किंवा आत हवा कोंडली आहे. संशय असल्यास थर्मोस्टॅट काढून, पातेल्यातील पाण्यात टांगून, तापमापक धरून पाणी तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडतो की नाही, ते डोळ्यांना दिसते.

२५/
नंतर इंजिन बंद करून, ते थोडे निवल्यावर, रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवावा. सर्वत्र ऊब असताना मध्येच थंड पट्टा लागला, तर तेथील नळ्या तुंबल्या आहेत. दख्खनच्या विहिरींचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याचा हा परिणाम. उकळणाऱ्या पाण्यातील क्षार भांड्याला धरतात तसे इंजिनाच्या आतही धरतात, आणि त्यांचा पातळ थरही उष्णतेची वाट अडवतो. अशा वेळी रेडिएटरच्या कारागिराकडून टाकीचे झाळकाम उघडून नळ्या सळईने साफ करून घ्याव्या लागतात.

२६/
शीतकरण निर्दोष ठरले तरी तपास संपत नाही, कारण उष्णता अधिक निर्माणही होत असू शकते. ठिणगी उशिरा पडत असेल, तर ज्वलन लांबते आणि जास्त उष्णता भिंतींत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल तरीही इंजिन तापते. शेवटी हेड गॅस्केट. थंड गाडीचे झाकण काढून ती सुरू केल्यावर पाण्यात बुडबुडे येतच राहिले, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ निघत राहिली किंवा तेल दुधाळ दिसले, तर ज्वलनाचा वायू आणि पाणी यांच्यातील भिंत फुटली आहे.

२७/
फियाटच्या बाबतीत याचे मोल मोठे असते. तिचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून दोनचारदा उकळलेल्या गाडीचे हेड वाकते, वाकलेले हेड गॅस्केट फोडते आणि फुटलेली गॅस्केट गाडी पुन्हा उकळवते. या टप्प्यावर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झालेली असते. मूळ दोष साध्या पट्ट्याचा असो की झाकणाचा, खर्च इंजिन खोलण्याचा येतो. तापलेल्या ब्लॉकवर एकदम गार पाणी ओतले, तर धातूला तडाही जाऊ शकतो. तेव्हा आधी थांबावे, बॉनेट उघडावे आणि इंजिनाला निवू द्यावे.

२८/
सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईची ओळख ठरली. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. नमुन्यादाखल काही गाड्या जपल्या जातील. पण पाइपला हात लावून झडप ओळखणारे, इंजिनाच्या आवाजावरून ठिणगीची वेळ सांगणारे हात कोणत्याही संग्रहालयात ठेवता येणार नाहीत. त्यांच्या कौशल्याची लेखी नोंद फार थोडी झाली आहे.

२९/
म्हणून या धाग्याच्या वाचकांना एक विनंती. घरात, नात्यात किंवा गल्लीत जुनी गाडी असेल, तर तिची दुरुस्ती होताना शेजारी उभे राहा. काय बदलले, का बदलले आणि काढलेला भाग कोणत्या अवस्थेत होता, हे तारखेसह वहीत लिहून ठेवा. गावातील वयस्क फिटरकाकांना विचारा की घाटात तापलेली गाडी ते कशी ओळखत आणि त्या काळी कोणते सुटे भाग कोठून येत. हे सांगणारी माणसे आज आहेत. तुमच्याकडे अशी एखादी आठवण असेल, तर खाली अवश्य लिहा. गाडीचे नाव आणि साधारण वर्ष विसरू नका.

(धागा समाप्त)